चौदा नंबरचं टेबल

४ ऑगस्ट

प्रिय मामा,

फोन सोडून पत्र का, असं तू विचारणार नाहीस, कारण नियम तुझाच आहे. दिवसभर इस्पितळाच्या टेलिफोनवर बसून लोकांना लोकांशी जोडून देणाऱ्या माणसाला घरी आल्यावर फोन नको. म्हणून हे टाइप करून पाठवते. तुझा संगणक वाचून दाखवेल.

मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात रुजू झाले. वाचक सेवा विभाग. पुस्तकं देणं-घेणं, आमच्याकडे नसलेलं पुस्तक दुसऱ्या विद्यापीठाकडून मागवणं, नव्या विद्यार्थ्यांना सगळं फिरून दाखवणं आणि दर महिन्याचं वार्तापत्र लिहिणं. 'ग्रंथालय सकाळी नऊ ते संध्याकाळी सात खुले राहील' हे वाक्य मी चार वेळा लिहून बघितलं. आई म्हणाली, "अगं, वेळ सांगायची आहे, शपथ घ्यायची नाहीये."

पण खरी बातमी पुढे आहे. ग्रंथालयाने अंध वाचकांसाठी ध्वनिमुद्रण सुरू केलंय. वाचकाने पुस्तक सांगायचं, आम्ही ते मोठ्याने वाचून मुद्रित करायचं आणि त्याला पाठवायचं. वाचणाऱ्यांच्या यादीत पहिलं नाव माझं आहे. शिवाय विद्यापीठाने नियम बदललाय. ज्यांचं शिक्षण शेवटच्या वर्षी सुटलं त्यांना राहिलेले पेपर देता येतील, मग कितीही वर्षं झालेली असोत. लिहायला लेखनिक मिळतो. मामा, तुझे दोनच पेपर राहिलेत. सव्वीस वर्षांपासून दोनच.

घरात एकटीनेच पदवीधर असण्याचा मला कंटाळा आलाय. आईने माझा पदवीदानाचा फोटो आरशाशेजारी लावलाय. रोज केस विंचरताना तो टोपीतला चेहरा माझ्याकडे बघत असतो. त्याच्या शेजारची जागा रिकामी आहे.

अर्ज सोबत जोडलाय. अर्धा मी भरलाही आहे. तू फक्त हो म्हण.

तुझी,
दुर्बीण


१९ ऑगस्ट

दुर्बिणीस,

तुझं पत्र यंत्राने वाचलं. 'फक्त हो म्हण' हे त्याने 'कृपया प्रतीक्षा करा'च्या सुरात म्हटलं, त्यामुळे मी दोन आठवडे प्रतीक्षा केली. काल मामीने तेच पत्र मोठ्याने वाचलं आणि शेवटी तिचा आवाज बसला. म्हणून हो.

माझे डोळे गेले म्हणून शिक्षण सुटलं, असं सगळे म्हणतात. ताई तर अजून कुणालाही सांगताना हात हवेत असा उडवते, जणू डोळे पाखरासारखे उडून गेले. ते तसे गेले नाहीत. हळूहळू गेले, आणि बराच काळ मी कुणाला कळू दिलं नाही. ग्रंथालयाच्या दुसऱ्या मजल्यावर मोठी अभ्यासिका आहे. उंच छत, पूर्वेला सात खिडक्या. तिसऱ्या खिडकीखाली चौदा नंबरचं टेबल, ते माझं. बसणाऱ्याच्या पोटाशी येईल अशी टेबलाच्या कडेला नंबराची पितळी पाटी होती. तिचा एक स्क्रू पडलेला. विचार करताना मी ती नखाने वाजवायचो. टक्. लगेच शिपाई ओरडायचा, "चौदा नंबर! पाटी वाजवायला प्रवेश दिला नाहीये!" कधीकधी तर मी हातही लावलेला नसायचा, तरी ओरडा मलाच.

शेवटच्या दिवशी अक्षरांच्या मुंग्या झाल्या, आणि दुपारनंतर मुंग्याही गेल्या. खिडकीचा उजेड तेवढा दिसत होता. मी पुस्तक उघडं ठेवून अभ्यासिका बंद होईपर्यंत बसलो. मधूनमधून पान उलटायचो, कुणाला संशय येऊ नये म्हणून. मग उठलो. पुस्तक तिथेच राहिलं. पुन्हा गेलो नाही.

पेपर देईन. पण परीक्षेला येईन तेव्हा मला त्या टेबलाशी एक तास बसायचं आहे. तेवढ्यासाठीच येतोय म्हण ना. आहे ना ते अजून? बघून सांग. आपला नियम आठवतोय? तू माझं बोट धरून चालायचीस आणि पाट्या, माणसं, कुत्री, सगळं सांगत जायचीस. म्हणून तर तू दुर्बीण. असेल ते सांगायचं, नसेल ते सांगायचं नाही. तू तो एकदाच मोडलास. आठ वर्षांची होतीस. म्हणालीस, "मामा, समोरून हत्ती येतोय."

बंदरांच्या इतिहासावरचं एक जाडजूड पुस्तक अभ्यासक्रमात आहे. तेवढं वाच माझ्यासाठी.

मामा


३ सप्टेंबर

प्रिय मामा,

आहे. सगळं आहे.

दुसरा मजला, सात खिडक्या, तिसरीखाली चौदा नंबर. सकाळी ऊन आधी पाटीवर येतं आणि मग पुस्तकावर चढतं. डाव्या कोपऱ्यात शाईचा डाग आहे, तो तुझाच का? पाटीला मात्र कुणीतरी नवा स्क्रू बसवलाय. घट्ट आहे, आता वाजत नाही.

आणि एक गंमत सांगू? मी तुझं पुस्तक त्याच टेबलाशी बसून वाचते. रोज सकाळी, ग्रंथालय उघडायच्या आधी. मुद्रणाचं यंत्र आम्ही तिथेच नेऊन ठेवतो. बंदरांचं पुस्तक आमच्याकडे नव्हतं, दुसऱ्या विद्यापीठाकडून मागवलं. बारा प्रकरणं आहेत. पहिलं सोबत पाठवते आहे. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी मिनिटभर तुला अभ्यासिका सांगणार आहे. ते नियमात बसत नाही, पण मी बसवते.

मुद्रण करणाऱ्या गृहस्थांना सगळे कानकाका म्हणतात. त्यांना मुंगी चाललेली ऐकू येते. ते म्हणाले, "पोरी, मधूनमधून टक् असा आवाज येतोय. बांगड्या काढ." काढल्या.

हत्ती हिरवा होता. तू रंग विचारलास म्हणून सांगावा लागला.

तुझी,
दुर्बीण


२२ सप्टेंबर

ग्रंथालय, वाचक सेवा विभाग

मान्यवर वाचक,

आमच्या वार्तापत्राचा सप्टेंबरचा अंक आपल्याला पाठवायचा राहून गेला, त्याबद्दल दिलगीर आहोत. आपले नाव यादीतून कसे वगळले गेले, याचा तपास चालू आहे. अंक सोबत पाठवत आहोत. ठळक बातम्या अशा: दुसऱ्या मजल्यावरील संगणक दालनात (पूर्वीची मोठी अभ्यासिका) चाळीस नवे संगणक दाखल, इतर विद्यापीठांतून पुस्तके मागवण्याचा अर्ज आता घरबसल्या, अंध वाचकांसाठी ध्वनिमुद्रण सेवेला उत्तम प्रतिसाद.

आपली,
ग्रंथपाल


३० सप्टेंबर

दुर्बिणीस,

पहिलं प्रकरण चारदा ऐकलं. मामी पहिल्यांदा सोबत बसली होती. जहाज बंदराला लागायच्या आत ती झोपली. उठून म्हणते, "पोरीच्या आवाजाला काय गुण आहे!" तुझं यश म्हणून सांगतोय.

आवाज फार जवळून येतो. उशीला उशी लावून कुणी कानात सांगतंय असं वाटतं. तो टक् आवाज मलाही ऐकू आला. कानकाकांना सांग, वाचकाची काही तक्रार नाही.

कालची गंमत. एका डॉक्टरांचा फोन आला. "मी रस्त्यात आहे, गाडी अडकलीये, दहा मिनिटांत पोचतो." मी म्हटलं, "या सावकाश. आधी तेवढा नळ बंद करा." शेजारची ऑपरेटर हसून हसून खुर्चीवरून पडायची राहिली. डॉक्टर आता मला जिन्यात टाळतात.

खिडकीबद्दल अजून सांग. ऊन पुस्तकावरून किती वाजता उतरतं? बाहेर एक झाड होतं, ते किती वाढलंय? पुढच्या प्रकरणाच्या शेवटी एकाऐवजी दोन मिनिटं घे.

मामा


२४ नोव्हेंबर

प्रिय मामा,

सात प्रकरणं पूर्ण झाली. ऊन पावणेदहाला पुस्तकावरून उतरतं. झाड खरंच आहे, मामा. तिसऱ्या मजल्याच्याही वर गेलंय.

टक् काही जात नाही. बांगड्या काढून झाल्या, खुर्ची बदलली, पायातल्या चपला काढल्या. कानकाका म्हणाले, "आता दात काढायचे राहिलेत." पण त्यांनाही काळजी आहे. जानेवारीपासून यंत्राच्या आवाजाची सेवा सुरू होणार आहे. त्यानंतर माणसांनी वाचलेली पुस्तकं संग्रहात ठेवायची की नाही हे एक समिती ठरवणार, आणि ज्यात दोष असेल ते बाद. मी ग्रंथपाल बाईंकडे गेले आणि म्हणाले, यंत्र वाचतं, पण ते वाचकासाठी वाचत नाही. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "छान बोलतेस. आधी तो टक् घालव." तुझं पुस्तक मात्र मी त्याआधी पुरं करणार. रोज एक तास जास्त बसते.

तू आम्हाला सोडून त्या गावी नोकरीला गेलास त्याला बारा वर्षं झाली. अजूनही रस्त्याने एकटी जाताना मी मनात पाट्या वाचते. चाव्या बनवून मिळतील. येथे वाहन लावू नये. वाचून झालं की उजव्या हाताला काहीतरी कमी आहे असं वाटतं.

तुझी,
दुर्बीण


१५ डिसेंबर

दुर्बिणीस,

परीक्षेची तारीख आली. नऊ मार्च, अकरा वाजता. दुसरा पेपर दुसऱ्या दिवशी. मी आठ तारखेला पोचतो. नऊला सकाळी आठ ते नऊ मी चौदा नंबरवर बसेन, मग चहा, मग पेपर. या क्रमात बदल नको.

ताईला सांग, अभ्यास घ्यायला बसू नकोस. तिसरीत तिने मला गणित शिकवलं होतं. त्याचे परिणाम मी अजून भोगतोय.

पाट्यांबद्दल लिहिलंस ते यंत्राकडून दोनदा वाचून घेतलं. इकडे माझ्याही डाव्या हाताचं तसंच आहे.

मामा


१२ फेब्रुवारी

प्रिय मामा,

बारावं प्रकरण पाठवते आहे. पुस्तक संपलं. शेवटची दोन मिनिटं जरा घाईत सांगितलीत, माफ कर.

एक कळवायचं राहिलं. मार्चमध्ये अभ्यासिकेला रंग देणार आहेत म्हणे. कदाचित बंद असेल. तू एवढ्या लांबून येणार आणि नेमकं तेव्हाच. आपण आईबरोबर घरीच निवांत बसलो तर?

तुझी,
दुर्बीण


१८ फेब्रुवारी

दुर्बिणीस,

ओला रंग मला चालतो. कुठला आहे ते मी विचारणार नाही.

येतोय.

मामा


१० एप्रिल

दुर्बिणीस,

परत येऊन महिना झाला. तुझं पत्र नाही. ताई कळवते की पोरगी जेवताना बोलत नाही, आणि विचारलं तर ग्रंथालयात काम वाढलंय म्हणते.

पेपर बरे गेले. लेखनिक मुलगी हुशार होती. मी एका बंदराचं नाव चुकीचं सांगितलं तर तिने श्वास रोखला. मला सुधारायची तिला परवानगी नाही, पण श्वास रोखायला बंदी नाही. मी लगेच दुरुस्त केलं.

त्या सकाळबद्दल काही लिहायचं असेल तर लिही. नसेल तर झाडाबद्दल लिही.

मामा


१४ जून

प्रिय मामा,

तू पास झालास. दुसरा वर्ग. यादी फलकावर लावायच्या आधी परीक्षा विभागातल्या बाईंनी मला बोलावून दाखवली. मी तुझा क्रमांक बोट ठेवून तीनदा वाचला. आईने आरशाशेजारी खिळा ठोकलाय, भिंतीचा पोपडा पडला तरी ती थांबली नाही. आता फक्त तुझा फोटो हवा.

दुसरी गोष्ट सांगितल्याशिवाय मला तुझं अभिनंदन करायचा हक्क नाही. तीन महिने ती लिहायला बसते आणि उठते.

मोठी अभ्यासिका नाही, मामा. मी रुजू झाले त्याच्या चार वर्षं आधी तिचं संगणक दालन झालं. छत खाली आणलं, खिडक्यांना काळी काच बसवली, आत दिवसभर पांढरे दिवे असतात. टेबलांपैकी काही विकली, काही मोडली. बाकीची कुठे आहेत ते कुणाला ठाऊक नाही. तू विचारलंस तेव्हापासून मी चौदा नंबर शोधत होते. तळघर, गच्ची, वसतिगृहाची खानावळ, एवढंच काय, पहारेकऱ्याची खोलीही. सप्टेंबरच्या वार्तापत्रात दालनाची बातमी मीच लिहिली आणि तुला कळू नये म्हणून त्या महिन्याच्या यादीतून तुझं नाव काढलं.

मी वाचत होते ते जिन्याखालच्या खोलीत. तिला खिडकी नाही. भिंतींना जाड स्पंज लावलाय, आणि एक जड जुनं टेबल भिंतीला चिकटवून ठेवलंय. मी आणि यंत्र एवढेच त्या खोलीत मावतो. सात खिडक्या, ऊन, शाईचा डाग, सगळं मी त्या खोलीत बसून रचलं.

आणि नऊ मार्चला मी तुला दालनात नेलं. तिसऱ्या खिडकीशी खुर्ची ठेवली आणि म्हणाले, "हे चौदा नंबर." तू टेबलावरून हात फिरवलास. ते नवं गुळगुळीत टेबल, कडेला प्लॅस्टिकची पट्टी. तुझी बोटं पोटाशी कडेवर आली आणि पाटी असायला हवी होती तिथे थांबली. मला वाटलं, आता विचारेल. तू म्हणालास, "ऊन छान आहे." मामा, तिथे ऊन नव्हतं. मग तू तासभर हात मांडीवर ठेवून बसलास, आणि मी तुझ्या मागे उभी होते.

खरं सांगितलं तर तू परीक्षाच देणार नाहीस, अशी मला भीती वाटली. तूच लिहिलं होतंस, तेवढ्यासाठीच येतोय. पण हे कारण झालं. नियम तर मी मोडलाच.

तुझी


२३ जून

दुर्बिणीस,

सही करायला विसरलीस. मी केली असं समज.

निकाल ऐकून मामीने सगळ्या मजल्याला सांगितलं. वरचे आजोबा अभिनंदन करायला आले आणि विचारू लागले, "आता नोकरी शोधणार का?"

आता तुझी दुसरी गोष्ट. अगं, मी टेलिफोनवाला. पहिल्या प्रकरणाच्या पहिल्या वाक्यालाच मला कळलं. मोठ्या अभ्यासिकेत नुसतं खाकरलं तरी छत उत्तर द्यायचं. तुझ्या आवाजाला कुणी उत्तर देत नव्हतं. भिंती अंगावर ओढून बसली होतीस तू. त्याच महिन्यात तुमच्या ग्रंथपाल बाईंचं पत्र आलं, दिलगिरीसकट, आणि सोबत अंक. तू इतक्या काळजीने काढलेलं नाव त्यांनी तितक्याच काळजीने परत घातलं. मी हसत सुटलो. मामी हसली नाही. म्हणाली, "पोरीने तुमच्यासाठी केलंय. एक शब्द बोलू नका." नाही बोललो.

मामीचं ऐकलं हे खरं, पण मलाही ऐकायचं होतं. सव्वीस वर्षांत ती खिडकी मला कुणी सांगितली नव्हती. ऊन पावणेदहाला उतरतं म्हणालीस, त्या दिवशी मी इस्पितळात पावणेदहाला हातातला फोन क्षणभर बाजूला ठेवला. तिथे बसल्यासारखं वाटलं.

आणि दुसरं म्हणजे तो टक्. तू लिहिलंस की पाटी घट्ट आहे, वाजत नाही. त्याच पत्रासोबतच्या मुद्रणात ती वाजत होती. बांगडी अशी वाजत नाही, खुर्ची तर नाहीच. एक स्क्रू पडलेली पितळी पाटी लाकडावर आपटते, त्याचा तो आवाज. दोन वर्षं माझ्या नखाखाली होता, झोपेतही ओळखेन. तू पान उलटतेस, टेबल हलतं आणि पाटी वाजते. म्हणजे तू अभ्यासिकेच्या टेबलाशी बसून मला अभ्यासिकेचं खोटं टेबल सांगत होतीस, आणि तुला पत्ता नव्हता.

मार्चमध्ये तुला हे सांगणार होतो. पण तू "हे चौदा नंबर" म्हणालीस तेव्हा तुझा आवाज आठ वर्षांचा झाला. मग मी ऊन छान आहे म्हणालो. नियम माझ्याकडूनही मोडला गेला. हत्ती आला तेव्हाही मी तुझं बोट धरून रस्त्याच्या कडेला सरलो होतो, त्याला वाट द्यायला. विसरलीस?

आता टेबल भिंतीपासून ओढ. मागच्या कडेला बघ आणि असेल ते सांग. मला चौदा ऐकायचं आहे, हे उघडच आहे. तरी असेल तेच सांग.

मामा


१ जुलै

प्रिय मामा,

मी आणि कानकाकांनी मिळून टेबल ओढलं. ते इतकं जड आहे की कानकाका म्हणाले, "याच्यावर वाचलेलं सगळं ज्ञान यातच मुरलंय." मागच्या कडेला धूळ होती. भिंतीवर स्पंज थोडासा कापला गेलाय, रोज पाटी घासून. मी रुमालाने पुसलं.

पाटी आहे. पितळेची, आगपेटीपेक्षा थोडी लहान. उजवीकडचा स्क्रू आहे, डावीकडचा नाही. भोक रिकामं आहे. नखाने वाजवली. टक्. कानकाकांनी कपाळावर हात मारला.

चौदा नाही, मामा. सत्तावीस आहे.

मी बराच वेळ बघत राहिले. आकडे स्पष्ट आहेत, दुसरं काही वाचताच येत नाही. काल या पत्रात मी 'चौदा' लिहून बघितलं. तो शब्द इतका बरा दिसला की तसाच ठेवावासा वाटला. मग खोडला.

टेबल कसं आहे ते सांगते. लाकूड काळसर तपकिरी. डाग नाही. उजव्या हाताच्या जागी पॉलिश उडालंय, कुणीतरी कोपर टेकून बसायचं. एक बारीक चीर आहे, तिच्यात पेन्सिलीचं मोडलेलं टोक अडकलंय. ते मी काढलेलं नाही.

समितीने ठरवलं की माणसाने वाचलेली पुस्तकं मागणी असेल तर पुढेही मिळतील. जुलैच्या अंकात बातमी आहे, आणि या वेळी यादीत तुझं नाव मी स्वतः तपासलं. कानकाका स्क्रू घेऊन तयार आहेत. दोन फिरक्यांचं काम आहे म्हणतात. बसवायचा का?

चौदा असतं तर फार बरं झालं असतं.

तुझी,
दुर्बीण


९ जुलै

दुर्बिणीस,

मामीने पत्र वाचलं आणि सत्तावीसवर थांबली. मीही थांबलो. वाईट वाटलं, ते लपवत नाही.

मग दिवसभर फोन जोडता जोडता सत्तावीस कुठे होतं ते आठवत राहिलो. माझ्या मागे, भिंतीकडच्या रांगेत. खिडकीपासून लांब, उजेड कमी. तिथे कोण बसायचं ते मला माहीत नाही. दिसत होतं तोवर मी कधी मागे वळून बघितलंच नाही.

पण तुला लिहिलं होतं ना, कधीकधी मी हातही लावलेला नसायचा आणि शिपाई "चौदा नंबर!" म्हणून ओरडायचा? दोन वर्षं मला वाटत होतं की त्याचा माझ्यावर राग आहे. आता कळलं. मागे कुणीतरी होतं. माझ्यासारखंच एका जागी अडलेलं, विचार करत, पाटीवर नख वाजवत. ओरडा मी खात होतो आणि ते गप्प बसत होतं. कोण होतं गं? आता कुठे असेल?

स्क्रू बसवू नका. कानकाकांना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, वाचकाची मागणी आहे. पुढच्या परीक्षेचा अर्ज मी या वेळी स्वतः भरलाय. पुस्तकांची यादी सोबत आहे. फोटो मामी पाठवते आहे. टोपी उसनी आहे, ताईला सांगू नकोस.

बंदरांचं पुस्तक पुन्हा पहिल्यापासून लावलंय. तुझ्याकडे टक् झालं की मी इथे टेबलावर नख वाजवतो. मामी आतून ओरडते, "चौदा नंबर!"

मामा